माझ्या वाट्याचं सूप

त्या डॉक्टरच्या नावाने मी बोटं मोडत पडले होते. आतड्याचा सडका तुकडा कापून काढला, पोट शिवलं, ते ठीक. पण त्यानंतर माणसाला खायला काही द्यायचं की नाही? सलाईनवर का माणूस जगतो? भुकेने माझा जीव कासावीस झाला होता आणि हा बाबा रोज येऊन टाके बघून जायचा.

पोरगा उशाशी बसलेला. "आई, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. आतले टाके कच्चे आहेत. पाण्याचा घोट घे फक्त." शेजारच्या खाटेवरच्या बाईचंही पोटाचंच ऑपरेशन झालेलं, आणि ती दुसऱ्या दिवशीच सूप भुरकत होती. "तिचं वेगळं आहे," म्हणून पोराने मध्ये पडदा ओढला. पडदा ओढून वास थोडाच थांबतो? माझ्या पोटात कावळे ओरडत राहिले.

मागून खायची मला सवय नाही. शिवणाचं दुकान चालवून पोराला वाढवलं, कुणापुढे हात पसरला नाही. मी ठरवून टाकलं, या डॉक्टरशी बोलायचंच नाही. तो आला की मी भिंतीकडे तोंड फिरवायची. "आजी, कसं वाटतंय?" मी ढिम्म. मग तो पोरालाच विचारायचा, आणि पोरगा त्याला दाराशी नेऊन हळू आवाजात काहीतरी सांगायचा. सिस्टरशीही माझा अबोलाच. त्यांना वाटलं असेल, म्हातारी तिरसट आहे. आहेच मी तिरसट.

एका सकाळी डॉक्टर पट्टी सोडून बराच वेळ बघत राहिला. सिस्टर मला उभं करायला गेली, तर मला उभं राहताच येईना.

"जखम भरत नाहीये," तो पोराला म्हणाला. "अंगात ताकदच नाही. आतला टाका सुटला असेल तर परत पोट उघडावं लागेल. आणि खरं सांगू? या अवस्थेत त्या दुसरं ऑपरेशन सोसतील असं मला वाटत नाही."

माझं डोकंच फिरलं. "ताकद कुठून येणार?" मी त्याच्याकडे वळले. "पोटात अन्नाचा कण जाऊ देत नाही आणि वर तोंड करून विचारता, ताकद का नाही म्हणून? लाज नाही वाटत?"

डॉक्टर चमकून वळला. "आजी, दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला खायला द्यायला सांगितलंय मी. सूप, अंडं, दही. लवकर खाल्लं तर जखम लवकर भरते. तुम्ही सगळं संपवता, असं हे रोज सांगतात."

"वाटी मी यांच्याच हातात देते, रिकामीच परत येते," सिस्टर म्हणाली.

सगळ्यांनी पोराकडे बघितलं. मीही बघितलं. मी वाळून काडी झाले होते आणि याचे गाल वर आले होते. माझ्या वाट्याचं सूप हा पडद्यामागे उभा राहून पीत होता.

"कापलेल्या आतड्यावर अन्न पडलं की टाके तुटतात," तो म्हणाला. "मी लहान असताना बाबांचंही आतडं कापलं होतं, त्यांचे टाके तुटले. ते दूध दे, दूध दे म्हणत होते. मी चोरून अर्धा कप पाजलं. दुसऱ्या दिवशी ते गेले." आणि त्याला हुंदका आवरेना.

"घोटभर दुधाने टाके तुटत नसतात हो," डॉक्टर म्हणाला.

इतकी वर्षं पोराने हे एकट्याने सोसलं, माझ्या पोटात तुटायला हवं होतं. नाही तुटलं. संताप असा आला होता, की हात उचलवला असता तर एक ठेवून दिली असती.

"तुझा बाप निदान दूध पिऊन गेला," मी म्हटलं. "मला तू उपाशी धाडायला निघाला होतास."

डॉक्टर म्हणाला, आधी खाऊ दे, ऑपरेशनचं नंतर बघू. सिस्टरने सूप आणलं. पोराने चमचा भरला, माझ्या तोंडाशी आणला आणि परत वाटीत ओतला. मी वाटी ओढून घेतली आणि तोंडाला लावली. तो माझ्या गळ्याकडे डोळे लावून बसला होता. प्रत्येक घोटाला त्याचा श्वास अडकत होता. अडकू दे म्हटलं.

वाटी संपवून मी त्याच्यापुढे धरली.

"बसलास काय? दुसरी आण. आणि वाटेत पिऊ नकोस."