चौकोनी गुठळी

उल्पियानोबाबाने सुरी न लावता फर्मिनच्या जांघेत बोटं खुपसली आणि मासळीबाजारामागच्या अंगणात उभ्या गर्दीने श्वास रोखला. लाल पाणी मांडीवरून ओघळलं. बोटं वर आली तेव्हा चिमटीत काळपट गुठळी होती.

"शेजाऱ्याचा शाप. आत मुरला होता," बाबा म्हणाला. "प्रभूची कृपा. टाका नाही, व्रण नाही."

सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला. फर्मिनची बायको क्रिसांता आडोशाची चादर धरून उभी होती. तिचे हात मोकळे नव्हते.

फर्मिनचा डावा अंडकोश महिनाभर ठणकत होता. दुखणं अवघड जागेचं आणि गावातला एकमेव डॉक्टर म्हणजे जावई. ही म्हण लोक हसण्यावारी नेतात. फर्मिनने ती महिनाभर दातांवर दात आवळून पाळली.

बाबाचा चेला गुठळी चुलीत टाकायला निघाला. क्रिसांताने चादर सोडली आणि गुठळी त्याच्या हातातून उचलली.

"ठेव ती. शाप चिकटेल."

"शाप उकडलेला आहे, बाबा." चर्चबाहेर ती रोज डुकराच्या साकळलेल्या रक्ताच्या वड्या काडीला लावून भाजून विकत असे. "वडीसारखा कापलाय. हे बघा, कोपरे."

"ताई, देवाची थट्टा नको," मागून कोणी म्हातारा म्हणाला.

"देवाने रक्ताला कोपरे दिले नाहीत, काका." तिने बाबाची दुसरी मूठ उघडली. आत लाल पाण्यात भिजवलेला कापूस होता. त्यातच वडी लपवायची, कापूस पिळायचा. बोटं आत जातच नाहीत. नुसती दुमडून मऊ मांसात दाबायची. बस्स.

तिचा निरोप मिळालेला जावई लेआंद्रो तेवढ्यात पोहोचला. फर्मिन घाईघाईने चादर ओढू लागला.

"ह्याला बाहेर काढा आधी!"

"सासरेबुवा, रोज गावाचं हेच बघतो. तुमचं काही वेगळं नसणार."

वेगळं होतं. शहरात सोनोग्राफी झाली. शाप काढला होता ना? खरी गुठळी अंडकोशाच्या शिरेत जागच्या जागी बसलेली. इतकी दुर्मीळ, की तिथल्या डॉक्टरनेही ती पुस्तकातच पाहिली होती. अशी गुठळी कधी मूत्रपिंडातल्या गाठीची खूण असते, म्हणून तेही तपासलं. गाठ नव्हती. फर्मिन गोळ्यांवर बरा झाला.

नशीब त्याचं. गुठळीऐवजी अंडाच्या शिरेला पीळ पडला असता तर काही तासांत अंड गेलं असतं. गाठ असती तर माणूस. उल्पियानो मात्र पुढच्या गावात नवीन वडी घेऊन बसला असता, आणि लाजेने माणसं रांग लावून आली असती. तो गुठळीवर नाही, लाजेवर जगतो.

कातडीला भोक नाही तर आतून काही बाहेर आलेलं नाही. एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. बाकीचं कळायला लागतो, मग तो जावई का असेना.