शीड कमी करण्याआधी

वारा अजून झाडांच्या शेंड्यांवरच असायचा, पाण्यावर एकही सुरकुती उमटलेली नसायची, आणि तरी त्यांची मान किंचित डावीकडे कलायची. डोळे मिटून ते कानाच्या पाळीवर त्याची चाहूल घेत. मोहफुलांचा आंबूस-गोड दर्प घेऊन येणारा चैत्रातला वारा निराळा, आणि तापल्या रानातून धापा टाकत येणारा वैशाखातला निराळा. माझे यजमान नौदलातली नोकरी संपवून ब्रह्मपुरीला परतले, ते या धानाच्या मुलखात एक शिडाची होडी घेऊनच.

कोकणातून ट्रकवर आलेली ती होडी सिंदेवाहीपलीकडच्या, रानानं वेढलेल्या जलाशयात उतरली, तेव्हा काठावर मासे धरणारे ढिवर गालात हसले होते. आत दोघांपुरती निजायची जागा, एक स्टोव्ह आणि पिशव्यांत नीट घडी केलेली शिडं: मंद वाऱ्याचं तलम, रोजचं पांढरं, आणि वादळासाठी जाड कापडाचं, दुपट्ट्याएवढं केशरी. हिवाळ्यात आम्ही दोन-दोन दिवस त्या पाण्यावरच राहत असू. थंडी पाहून आईनं लेकराचा सदरा निवडावा, तसे ते निघण्यापूर्वी शीड निवडत. वारा चढू लागला की मोठ्या शिडाचा खालचा पट्टा दुमडून आडव्या दांड्याला बांधायचा. कापड कमी झालं की होडीवरचा ताणही उतरतो. याबाबत त्यांचा एकच दंडक होता.

"शीड कमी कराव, असं मनात आलं का लगीच करायचं," ते म्हणत. "दुसऱ्यांदा इचार कराले वारा टाईम देत नाई."

त्या वैशाखातल्या दुपारी पश्चिमेचं आभाळ तांब्याच्या रंगाचं झालं होतं. होडी एका अंगावर कलून धावत होती, तुषार तोंडावर येत होते, आणि शाळेतली नोकरी नि घर यांतच संथ वाहत आलेली मी, लहान पोरीसारखी हसत होते. ते उठले. हात दोराकडे गेला.

"आता एक घडी घालतो."

"थांबा ना जरासं," मी म्हटलं. "अशी कधी पयते का आपली होडी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत इतकं निवांत कधी पाहिलं असेल, आठवत नाही. मग तेही मोठ्यानं हसले, आणि खाली बसले.

वावधन आलं ते सागाची पानं उधळत, धुळीची भिंत पुढे ढकलत. ते दोराशी पोचले तोवर शीड फाटेल असं फुगलं होतं. उकाड्यानं त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट काढून ठेवलं होतं. माझ्या जॅकेटचे बंद मात्र निघताना दोनदा तपासले होते. "सुकाणू सरळ धर, भिऊ नोको," ते ओरडले. शीड अर्धं उतरलं आणि वारा फिरला. दांडा सपकन उलटा आला, त्यांच्या कानशिलावर बसला, आणि ते उभे होते तिथं नुसतं आभाळ उरलं. मी हाका मारत राहिले, सुकाणू ओढत राहिले. होडी मला वळवता आली नाही.

किसन ढिवर डोंगा घेऊन आला. त्यानं मला काठावर आणलं. त्यांना, दिवस मावळताना.

"बाई, वावधन कोणाले इचारून येत नाई," तो रडत म्हणाला. "तुमचा काई दोष नाई यात."

त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. सांत्वनाला आलेल्या प्रत्येकासमोर मी हात जोडले, आणि ते एक वाक्य चार वर्षं घशाखाली ठेवलं.

गेल्या महिन्यात आमची मुलगी प्रज्ञा नागपूरहून आली. दुपारी जेवताना मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात ताटावरच थांबला.

"बाबा उठले होते? आन् तू थांबवलं?"

"हो."

"मले हे काऊन सांगितलं, आई?"

ती उठून अंगणात गेली, माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ रडली. मी जागची हलले नाही. तिच्या पाठीवर हात ठेवण्याचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही, हेच कळत नव्हतं. उन्हं कलल्यावर ती आत आली, माझ्याजवळ बसली. माझ्या अंगाला मात्र टेकली नाही.

"हसले होते ना पन बाबा?" तिनं विचारलं.

"हसले होते."

क्षमा होती की नव्हती, मी विचारलं नाही.

लोक म्हणतात, काळ माणसाला आपल्यापासून दूर नेतो. पण गेलेलं माणूस असतं तिथंच थांबतं, आणि काळ नेतो तो आपल्याला. ते माझ्याहून पाच वर्षांनी मोठे होते. येत्या वैशाखात आम्ही एका वयाचे होऊ. आणि त्यानंतर मी त्यांच्याहून मोठी होत जाईन, एकेक दिवसानं, त्यांना मागे ठेवून.