निळी चिंधी

धाकटा जिवंत होता तेव्हा शेवटची सोळा वर्षं त्याने माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून तो रोज दुकानात असतो. हे मी घरी बोलत नाही. एकदा बोललो होतो, तर बायको म्हणाली, "डोळे तपासून घ्या." मी म्हटलं, अगं, भाऊ दिसत नाही, ऐकू येतो. तर म्हणाली, "मग कान."

दुकान वडिलांचं. परवाना असलेल्या लोकांच्या बंदुका, पिस्तुलं दुरुस्त करायची, साफ करून द्यायची. पुढे काउंटर, मागे एक खोली, खोलीत धातू कातायचं लेथ मशीन. मशीन धाकट्याचं. त्याचा पट्टा मी कधीच काढून ठेवलाय, तरी दुपारी तीनच्या सुमाराला ते गुणगुणतं. आणि एखादी नळी साफ करून शेवटची चिंधी पांढरी निघाली, की पाठीमागून आवाज येतो, "दादा, मी नाही झाडली." चिडून नाही, रडून नाही. कुणी चहा नको म्हणावं तसा.

मी वळून बघायचो नाही. उत्तरही द्यायचो नाही. मला खात्री होती, आणि खात्री असलेल्या माणसाने भुताशी काय वाद घालायचा?

ती खात्री कशी आली ते सांगायचं तर आधी चिंध्यांचं सांगावं लागेल. गोळीवर तांब्याचं आवरण असतं. गोळी नळीतून सुटते तेव्हा आतल्या आट्यांवर थोडं तांबं पुसलं जातं आणि तिथंच चिकटून बसतं. नळी स्टेनलेस स्टीलची असली तरी तांबं काही तिची भीड ठेवत नाही. ते काढायला एक द्रावण मिळतं. त्यात अमोनिया असतो, बाटली उघडली की नाकाडोळ्यांतून पाणी. नळी पिस्तुलातून सोडवायची, गजाच्या टोकाला द्रावणात भिजवलेली चिंधी लावायची, मागच्या बाजूने घालून पुढे काढायची, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरी चिंधी. द्रावणाला तांबं भेटलं की चिंधी निळी निघते. आधी गडद, मग फिकी, मग फिकट आभाळासारखी, आणि शेवटी पांढरी. पांढरी निघाली की काम झालं. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक खोटं बोलेल, चिंधी बोलणार नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी एका वकिलाचं पिस्तूल आलं होतं. मी संध्याकाळी नळी साफ केली, पांढरी चिंधी बघितली आणि घरी गेलो. धाकटा मागे थांबला. सकाळी मी आलो तर तो उंबऱ्यातच उभा, हाताच्या मुठीत काहीतरी. मूठ उघडली. गजाला लावायचं पितळेचं टोक. माझं प्लॅस्टिकचं टोक आदल्या दिवशी झिजून गेलं होतं, म्हणून त्याने रात्री थांबून लेथवर नवं केलं होतं. इतकं गुळगुळीत, की मी बोट फिरवत राहिलो. "नाही तर तू आठवडाभर दुकान डोक्यावर घेतलं असतंस," तो म्हणाला.

मी ते टोक लगेच लावलं आणि वकिलाच्या नळीतून सवयीने एक चिंधी फिरवली. पिस्तूल गिऱ्हाइकाला देण्याआधी मी नेहमी एक फिरवतो. दहा मिनिटांनी काढली तर निळी.

रात्री पांढरी, सकाळी निळी. मधल्या वेळात दुकानात एकटा धाकटा. शेजारचा टायरवाला म्हणाला, हो, आठच्या सुमाराला मोठा आवाज झाला होता. धाकटा म्हणाला, तो शटर ओढल्याचा. लहानपणापासून त्याला पिस्तुलाचा चाप ओढून बघायची भारी हौस, वडिलांचा मारही त्याने त्यापायीच खाल्लेला. माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. गिऱ्हाइकाचं हत्यार दुकानात झाडलं हे बाहेर कळलं असतं तर परवाना जप्त, वडिलांचं दुकान बंद. मी त्याला विचारलंसुद्धा नाही, सांगितलं, तूच गोळी झाडलीस. तो म्हणाला, "दादा, मी नाही झाडली." मी निळी चिंधी त्याच्या तोंडासमोर धरली. "मग ही काय माझ्या हातून सुटली? माझ्या?"

साफ करताना माझ्या हातून नळीत तांबं मागे सुटत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. मी ते पितळी टोक काढून खणात भिरकावलं, नंतर बाजारातून प्लॅस्टिकची आणली. महिन्याभरात तो बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन दुसऱ्या गावी गेला, पाणी खेचायच्या पंपांच्या दुकानात कामाला लागला. तीन वर्षांपूर्वी तो वारल्याचं कळलं तेव्हा मी गेलो होतो. गर्दीच्या मागे उभा राहिलो आणि कुणाशी न बोलता परत आलो. माझी चूक नव्हती ना, मग पुढे कशाला व्हायचं, अशी माझी अक्कल.

गेल्या मंगळवारी वकिलाची बायको दुकानात आली. वकील गेले, पिस्तूल आता मुलाच्या नावावर करायचंय, तपासणीआधी साफ करून द्या, म्हणाली. तिने पिशवीतून पेटी काढली. मला पेटी उघडायची गरज नव्हती. त्या पिस्तुलाचा नंबर मला स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पाठ आहे. मी पावतीवर दोनदा चुकीची तारीख घातली, तेव्हा बाईंनी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, अमोनियाने होतं असं. बाटली बंदच होती.

मनात एकच होतं. वकिलांनी एवढ्या वर्षांत हे पिस्तूल किती चालवलं असेल, आतलं जुनं काही उरलेलं नाही, हे मला कळत होतं. तरी वाटलं, ही नळी एकदा पुन्हा पांढरी करावी आणि आवाज आला तर या वेळी वळून सांगावं, पुरे आता.

नळी चांगलीच माखली होती. पहिल्या चार चिंध्या शाईत बुडवल्यासारख्या, मग फिक्या होत गेल्या. नववी जवळजवळ पांढरी, नुसती कडेला निळसर झाक. दहावीला प्लॅस्टिकचं टोक आट्यापाशी मोडलं. दुसरं होतं ते मोठ्या नळीचं. मी खण उपसला. स्क्रू, स्प्रिंगा, तुटकी कानस, आणि तळाशी ते पितळी टोक. एकोणीस वर्षांत मी ते फेकलं नव्हतं, वापरलंही नव्हतं. बोट फिरवलं. तितकंच गुळगुळीत. मागच्या खोलीत मशीन गुणगुणत होतं, तीन वाजले असावेत.

दहावी चिंधी त्या टोकावर काढली. गडद निळी.

अकरावी निळी. बारावी निळी. मी शिव्या घातल्या, नळीला, वकिलाला, द्रावण विकणाऱ्याला. पंधराव्या चिंधीला मी खाली बसलो. पांढरटावरून चिंधी परत गडद होत नाही. तांबं कमी होतं, वाढत नाही. मधे कुणी गोळी झाडली तरच वाढतं. आणि या दुपारी त्या नळीजवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी नळी बाजूला ठेवली. नवी कोरी चिंधी द्रावणात भिजवली आणि ती नुसत्या पितळी टोकाभोवती गुंडाळली. नळीत घातलीच नाही. टेबलावर ठेवून घड्याळाकडे बघत बसलो. असं बसायला मला आयुष्यात कधी भीती वाटली नव्हती. दहा मिनिटांनी उलगडली.

निळी. अगदी त्या दिवशीसारखी.

पितळेत तांबं असतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. हे द्रावण तांबं खातं हे मला तर रोजचं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, वेगवेगळ्या. एकोणीस वर्षं मी त्या एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत, कारण मला ठेवायच्या नव्हत्या. चिंधी खोटं बोलली नव्हती. ती सांगत होती, तुझ्या भावाने तुझ्यासाठी पितळेचं टोक केलंय. मी ऐकलं, तुझा भाऊ खोटा आहे.

मी मागच्या खोलीत गेलो. "ऐकलं रे," म्हटलं. मशीन गप्प होतं. मी बराच वेळ उभा राहिलो, आणि पहिल्यांदाच कुणी नव्हतं तिथं. मला वाटलं होतं हलकं वाटेल. भयंकर वाटलं.

दुसऱ्या दिवशी बस पकडली. तीन तासांचा रस्ता. धाकट्याची बायको दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. दार उघडून तिने मला ओळखायला क्षणभर घेतला, मग पदर सावरून म्हणाली, "या, दादा." पूर्वी मी तिला सरळ अगं-तुगं करायचो. आता काय म्हणावं ते सुचेना, म्हणून नुसता बसलो. तिने पाणी आणलं. मी पाण्याला हात न लावता सगळं सांगितलं, आदल्या दिवशीच्या चिंध्या खिशातून काढून टेबलावर मांडल्या. ही नळीतली, ही नुसत्या टोकाची. "तो खरं बोलत होता," मी म्हणालो. "माझंच चुकलं. सगळंच माझं चुकलं."

मला वाटलं ती रडेल, किंवा हाकलून देईल. दोन्हींची तयारी करून आलो होतो.

"सुरुवातीला रोज म्हणायचे, मी नाही झाडली," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा. मी म्हणायचे, अहो, मला माहीत आहे, माझ्यापुढे कशाला शपथा घेता? मग हळूहळू कमी झालं. मला वाटलं, विसरले."

"मग?"

"विसरले नव्हते. शेवटच्या वर्षी आजारपणात एकदा मला आणि पोरीला समोर बसवलं. म्हणाले, मी खूप आठवून बघितलं. दादाच्या हातून तांबं सुटत नाही. चिंधी निळी निघाली म्हणजे निघाली. मीच झाडली असणार, आणि मला आठवत नाही." तिने टेबलावरची चिंधी बोटाने थोडी सरकवली. "पोरीची माफी मागितली त्यांनी. म्हणाले, माझ्यामुळे तुझं घर सुटलं, काका सुटले. दादाला राग धरू नका, तो बरोबर होता."



"तू त्याला म्हणाली नाहीस, तसं नाही म्हणून?" माझ्या तोंडून अगं-तुगं आपोआप आलं.

"मी म्हणाले की. पण माझ्याजवळ काय होतं दाखवायला?" ती उठली, चिंध्या गोळा करायला लागली, मग थांबली. "पोरगी मात्र तेच खरं धरून बसली. बाप स्वतःच्या तोंडाने बोलला, मग काय. त्यांचा फोटोसुद्धा तिने इथून काढून आतल्या खोलीत ठेवलाय. मला राग येतो, पण तिला काय बोलणार?"

तिने चिंध्या परत होत्या तशा मांडल्या. ही नळीतली, ही नुसत्या टोकाची.

"सहाला येते ती कामावरून," ती म्हणाली. "मी सांगून तिला पटायचं नाही. तुम्हीच सांगा."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. मी बसून राहिलो.