डाव्या दांड्यावरच्या रेघा

डाव्या दांड्यावर पहिल्या कापासाठी खडूच्या रेघा दोन होत्या. एकमेकींपासून चार मिलिमीटरवर, अगदी समांतर. उजव्या दांड्यावर मात्र एकच.

मंजुषानं टेप पुन्हा लावला. आकडा तोच.

परंड्याच्या त्या वर्कशॉपात उत्तरेश्वरतात्यांची जुनी पिकअप हौदा काढून लोखंडी घोड्यांवर चढवली होती. पेरूच्या बागेत ओळीच्या टोकाला ती वळत नव्हती. म्हणून खालची चासी, म्हणजे हे दोन लांब दांडे, मधूनच दीड फूट कापायची आणि मागचा भाग पुढं ओढून जोडायचा. गाडी शेताबाहेर जाणार नव्हती. मागची चाकं फिरवणारा शाफ्ट कालच कुर्डुवाडीहून आखूड होऊन आला होता, तेव्हा माघार घेता येत नव्हती. आणि काप चुकीच्या रेघेवर गेला, तर मागची चाकं कायमची तिरकी बसणार होती.

"आबा," ती हळू आवाजात म्हणाली, "डावीकडं दोन रेघा हायत."

"एकच हाय."

तिचा बाप बिरदेव ग्राइंडरला नवं पातं लावत होता; रेघा त्यानंच मारल्या होत्या. नट समोरच पडला होता, पण तो बोटांनी चाचपत होता. गेली दोन वर्षं गेट आणि ग्रिल मंजुषाच्याच हातचं जायचं. चासीचं नाव काढलं की मात्र ठरलेलं उत्तर यायचं, 'बघू पुढं.'

उलट्या डब्यावर बसून चहा पिणारे तात्या हसले. "काय बिरदेव, पोरीला विचारून कापतोस व्हय? बी.एस्सी. झाल्यापास्नं लोखंडबी हिचंच ऐकतंय म्हणं."

"ऐकत असतं तर बरं झालं असतं, तात्या. चार मिलिमीटरचा फरक हाय."

"म्हंजे केवढा गं?"

"ज्वारीचा एक दाणा."

"हात्तिच्या! दाण्यापायी चहा गार केलास माझा."

ग्राइंडर सुरू झाला. पातं पहिल्या रेघेवर आलं, तिथून सरकून दुसरीवर गेलं, पुन्हा मागं आलं. मंजुषाचा हात भिंतीवरच्या बटणाकडं गेला. गिऱ्हाइकासमोर ते बंद करणं म्हणजे तीस वर्षांच्या हाताला खोटं पाडणं. बोट बटणावरच राहिलं, दाबलं मात्र नाही.

पातं लोखंडापासून बोटभर वर थांबलं. मग बिरदेवानंच ग्राइंडर बंद केला. पातं फिरायचं थांबलं.

"खरी कुठली?" त्यानं विचारलं.

"पुढची. कोपऱ्यापास्नं कोपऱ्यापातूर कर्ण मोजलेत मी. उजवीशी तीच जुळती."

"तुला कवापास्नं ठावं हाय?"

"तुमच्या हातनं गेटाची बिजागरी वाकडी बसली तवापास्नं."

तात्या उठून उभे राहिले. "अरं, झालं काय?"

बिरदेवानं गॉगल काढला, शर्टाला पुसला आणि मंजुषाच्या हातात दिला. मग तात्यांकडं वळून, बाहेर रस्त्यावरही जाईल अशा आवाजात म्हणाला,

"तात्या, मला रेघ दिसत न्हाय. चासी मंजुषा कापंल. आजची बी, आन् हितनं पुढची समदी."