कोपऱ्यातला टेकू

सकाळी गच्चीचं दार उघडलं की खारू आधी त्या कोपऱ्याकडे बघायची. आणि फरशी पुन्हा वर आलेली असायची! फार नाही, नखभर. पण गच्चीवर नखभर म्हणजे ठेच, आणि ठेच म्हणजे इमारतीच्या मॅनेजरचा फोन.

ऑफिसांच्या त्या उंच इमारतीची गच्ची बाबांनी करायला घेतली होती. अशा फरश्या सिमेंटात बसवत नाहीत. पाणी वाहून जायला खाली पोकळी सोडतात आणि जोडाजोडावर प्लास्टिकचे पाय उभे करतात. चार फरश्यांचे चार कोपरे एका पायावर. कागदोपत्री त्याचं नाव पेडेस्टल, बाबांच्या तोंडी टेकू. आटे फिरवले की टेकू उंच, उलटे फिरवले की बुटका. कोपऱ्यातला शेवटचा टेकू फिरवता फिरवता बाबा छाती धरून खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. उरलेलं काम आईने पदर खोचून पूर्ण केलं. तेव्हापासून ती रोज तो टेकू खाली घ्यायची, आणि कुणीतरी रोज वर करायचं.

आज मॅनेजर लंगडतच आला.

"बाई, काल मीच आपटलो. हसू नकोस गं मुली! संध्याकाळपर्यंत काय तो बंदोबस्त करा, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो."

तो गेल्यावर, आईने बोलावलेल्या पुरवठादारकाकांनी पिशवीतले टेकूंचे नमुने फरशीवर मांडले. "वहिनी, हा घ्या कडीवाला. एकदा कडी बसली की आटे हलायची बिशाद नाही."

"लावून झाला," आई म्हणाली. "सकाळी कडी शेजारी काढून ठेवलेली होती. पुसून."

काकांनी कडीवाला पुन्हा पिशवीत टाकला. बाबा प्रत्येक वस्तू पुसून ठेवायचे, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी दुसरा नमुना पुढे सरकवला. "मग हा. एका उंचीचा, ठोकळा. आटेच नाहीत, फिरवणार काय?"

"हाच द्या."

खारूने ठोकळ्यावर हात ठेवला. "आई, नको ना! आटेच काढून घेतलेस तर बाबा येणार कशाला?"

काका एकदम घाईत असल्यासारखे पिशवी आवरू लागले. आई खारूच्या शेजारी उकिडवी बसली. "त्यांना वाटतंय काम अर्धं राहिलंय. मी रोज आटे हातात देत राहिले तर ते रोज फिरवत बसतील. उन्हात, वाऱ्यात. घरी कधी यायचं गं त्यांनी?"

"होते तेव्हा तरी कुठे यायचे! आपलं जेवायचं टेबल किती वर्षं डुगडुगतंय. 'उद्या बघतो, उद्या बघतो.'"

"जगाच्या गच्च्या सरळ केल्या," आईला हसू फुटलं, "आणि दिव्याखाली अंधार."

दोघींनी मिळून फरशी उचलली. खालच्या पोकळीतून गार वारा आला. खारूने आत हात घातला. आटे कोमट होते, आत्ताच कुणी हात काढल्यासारखे. आणि तिच्या बोटांखाली ते हलले. किर्र... किर्र... आईने तोंडावर हात धरला.

खारूने मूठ आवळली नाही. ती वाकून त्या अंधारात बोलली, "बाबा, सोडा आता. आम्ही नीट करतो. तुमच्यासारखंच करतो."

किर्र थांबलं. टेकू अलगद तिच्या हातात आला.

ठोकळा बसवला, फरशी टाकली, तर ती केसभर डुलली. अशा वेळी बाबा काय करायचे हे दोघींना पाठ होतं. हत्यारांच्या पेटीत बाबांची रबरी चप्पल तशीच पडली होती. आईने डाव्या चपलेच्या टाचेची पातळ चकती कापून ठोकळ्यावर ठेवली. फरशी गप्प बसली. मग खारूने पेला काठोकाठ पाण्याने भरून फरशीवर ठेवला आणि शेजारी धपकन पाय आपटला. बाबांची ही शेवटची परीक्षा. थेंबही सांडला नाही.

"झालं हो," आई म्हणाली. खारूला नव्हे.

दुसऱ्या दिवशी फरशी जागच्या जागी. मॅनेजर तिच्यावरून मुद्दाम येरझारा घालत म्हणाला, "आता कसं!" खारूने कोपऱ्यात बोटाने टकटक केलं. खाली नुसती पोकळी वाजली. एवढे दिवस तिला त्या किर्रची भीती वाटायची. आज त्या शांततेने तिला हुंदका आला.

घरी आल्यावर तिने दप्तर भिरकावलं आणि सवयीने टेबलावर कोपर टेकलं. समोर दुधाचा पेला भरलेला होता. दूध हललं नाही.

तिने टेबल दाबलं. धक्का दिला. टेबल ढिम्म! ती खाली वाकली. लंगड्या पायाखाली रबराची पातळ चकती होती. खारू कालच घरी आणलेल्या हत्यारांच्या पेटीकडे धावली. उजव्या चपलेचीही टाच कापलेली होती, आणि चाकू पुसून ठेवलेला होता.

"आई, तू केलंस?"

आई हात पुसत आली. तिने टेबलाकडे बघितलं, मग चपलेकडे. "मला वाटलं तू."

मग खारूने समोरची खुर्ची जराशी मागे ओढून ठेवली आणि दुधाचा पेला तिच्यापुढे सरकवला.