कापडाचं दुसरं टोक

तिच्या हातून खिळा वाकडा ठोकला गेला, तरी नवरा म्हणाला, "असू दे गं, छान झालंय." तिनं तो खिळा उपटला आणि संशयानं त्याच्याकडं पाहिलं. सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायच्या त्यांच्या दुकानात हा माणूस तिच्या कामाला आजवर कधी 'छान' म्हणाला नव्हता.

सगळा घोळ नणंदेचा. झालं असं, की बायकोचं अंगअंग ठणकायचं, सकाळी मूठ मिटायची नाही, तपासण्या मात्र साऱ्या चोख. "थकवा असेल," म्हणून जो तो वाटेला लावायचा. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला फायब्रोमायल्जिया असं नाव दिलं आणि रात्री घ्यायची गोळी दिली. ती बघून नणंद किंचाळलीच, "अगं बाई, ही तर माझ्या सासूबाईंना होती! मन खचलं होतं तेव्हा!"

झालं! तेव्हापासून नवरा साखरेत घोळून बोलू लागला. भांडण बंद. कापड ताणायला दोघं लागतात, ते तिचं कामही त्यानं काढून घेतलं. दुसरं टोक शिकंज्यात अडकवून तो एकटाच ओढायचा आणि ती कोपऱ्यात बटणं शिवत बसायची. ते तिला दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

"अहो, मी दुःखी नाहीये!" ती ओरडली.

"बरं बरं, नाहीस हो," तो मऊ आवाजात म्हणाला.

आता या माणसापुढं कपाळ बडवायचं का? पुढच्या तपासणीला तिनं त्याला हाताला धरूनच नेलं.

"मन खचलंय म्हणून नाही दिली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हेच औषध दुखण्याची जाणीवही कमी करतं. दुखणं खरंच आहे त्यांचं. सगळ्यांना गुण येतो असं नाही. यांना आलाय का, ते यांनाच विचारा."

"आलाय," तिनं विचारायची वाटच पाहिली नाही. "तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड असतं. पण झोप लागते, आणि ठणका निम्म्यावर आलाय."

"मग झेपेल तेवढं काम करा. अंग हलतं ठेवलेलं चांगलंच."

 परतताना तो म्हणाला, "मला वाटलं, माझ्या तोंडापायीच तू खचलीस."

"तुमच्या तोंडानं खचायचं असतं, तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खचले असते!"

तो हसला, पण डोळे पुसूनच दुकानात शिरला.

अर्धवट राहिलेल्या सोफ्याचं हिरवं कापड त्यानं शिकंज्यातून सोडवलं आणि टोक तिच्या हातात दिलं. तिनं ओढलं.

"अगं, नीट ओढ की! ही चुणी दिसत नाही? डोळे कुठं ठेवलेत?"

"तुमचंच टोक ढिलं आहे. आधी आपलं बघा!"

तिला इतकं बरं वाटलं, की काही विचारू नका. तो बडबडत खिळे ठोकू लागला. तिचा खांदा ठणकत होता, पण शेवटचा खिळा बसेपर्यंत तिनं टोक सोडलं नाही.