डोहाळ्याचे खडे

आवडाबाईचं नशीबच मेलं खोटं, दुसरं काय म्हणावं! फुलंब्रीच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना. त्याचं शिसं बोअरच्या पाण्यात उतरलं. सून संस्कृती, तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं. डॉक्टरांनी पाण्याला बोल लावला.

मग संभाजीनगरहून शंतनू नावाचे इंजिनिअर आले आणि त्यांनी टाकीला गाळणी बसवली. आत भाजलेल्या तांबड्या मातीचे खडे. पाणी त्यातून झिरपलं की शिसं खड्यांना धरून राहायचं आणि खाली चांगलं पाणी यायचं. खडे जुने झाले की काढून पोत्यात भरायचे, पोतं टाकीमागं ठेवायचं, गाडी येऊन नेईल, तोवर कोणी हात लावायचा नाही, असं साहेबांनी बैठकीत बजावलं. बैठक गड्यांची. बाया तेव्हा चुलीपुढं. आवडाबाईचा नवरा कारभारी मोठा शहाणा, पुढं बसून मान डोलवत होता. घरी येऊन त्यानं चहा मागितला, बाकी चकार शब्द नाही.

संस्कृतीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला आवडाबाई तिला डोळ्यांत तेल घालून जपत होती. गाळणीचं सोडून दुसरं पाणी ओठाला लावू देत नव्हती. पुढं सुनेला मातीचे डोहाळे लागले. आवडाबाईनं आपल्या वेळी चुलीची माती खाल्लेली, तिला त्याचं काय नवल! टाकीमागचं पोतं तिच्या नजरेला पडलं. ओच्यात घालून खडे आणायची, तव्यावर परतून द्यायची. सून ते कुडुमकुडुम खायची आणि आवडाबाईचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

शंतनू गाडी घेऊन आले, तेव्हा पोतं अर्धं रिकामं.

"हे कोणी नेलं? पाण्यातलं सगळं विष यातच असतं."

"म्या नेलं," आवडाबाई म्हणाली. "सुनेला. खायला."

कारभारी ठसक्यात म्हणाला, "सांगितलं व्हतं की बैठकीत."

"मला कुणी सांगितलं?"

"तुला काय करायचं व्हतं त्याच्याशी?" म्हणत तो पोतं उचलायला वळला.

आवडाबाई धडपडत घरी आली. संस्कृती भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर खड्यांचा डबा. आवडाबाईनं तिच्या तोंडात बोट घालून खडा काढला, डबा हिसकला.

संस्कृतीचे डोळे भरून आले. "पोटातल्या लेकराच्या तोंडचं काढता व्हय, आत्याबाई?"